जो कापेल, तो शेवटी घेईल

हापूस एक आणि मुलं दोन असली की मराठी घरात एक कायदा आपोआप लागू होतो. जो कापेल, तो शेवटी घेईल. हा कायदा कुठल्या विधानसभेत मंजूर झालेला नाही, पण त्याची अंमलबजावणी पोलीस खात्याला हेवा वाटावा इतकी चोख असते. एरवी कंपासपेटीला हात न लावणारा मुलगा सुरी हातात आली की आंब्याकडे एक डोळा मिटून बघतो, देठापासून टोकापर्यंत मनातल्या मनात रेघ मारतो, आंबा फिरवतो, पुन्हा रेघ मारतो. सूतभर जरी इकडचं तिकडे झालं तरी समोर बसलेली धाकटी बहीण मोठी फोड उचलणार, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. बहिणीला भूमिती येत नाही. मोठी फोड कुठली हे ओळखायला तिला भूमिती लागतही नाही, भावाच्या चेहऱ्याकडे बघितलं की भागतं.

तिसरं मूल आलं की कायदा कोलमडतो. आंब्याला गाल दोनच, मध्ये बाठा. बाठ्याला गर जास्त असतो की फोडीला, हा वाद दर मे महिन्यात नव्याने उभा राहतो आणि जूनच्या पहिल्या पावसाने तहकूब होतो. शिवाय नुसत्या गराचा हिशेब पुरत नाही. बाठा चोखणाऱ्याला वेळ लागतो. म्हणजे बाकीच्यांच्या फोडी संपून हात धुऊन झाले तरी तो त्यांच्यासमोर कोपरापर्यंत ओघळ आणत बसलेला असतो. या सुखाची किंमत ग्रॅममध्ये कशी धरायची?

या तिसऱ्या मुलाने भल्याभल्या गणित्यांना घाम फोडला आहे. ह्यूगो स्टाइनहाउस नावाचा पोलिश गणिती दुसरं महायुद्ध चालू असताना याच प्रश्नात डोकं घालून बसला होता. दोघांची वाटणी होते, तिघांची कशी करायची? आंब्याऐवजी तो केक घेऊन बसला होता, इतकाच फरक. तिघांची युक्ती त्याला सापडली. कितीही माणसं असली तरी चालेल अशी युक्ती त्याचे सहकारी बानाख आणि क्नास्टर यांनी काढली, आणि 1948 मध्ये स्टाइनहाउसने हे सगळं छापलं. पण त्यात एक गोम होती. त्या रीतीने प्रत्येकाला आपला वाटा पुरेसा वाटायचा. शेजारच्याचा वाटा आपल्यापेक्षा मोठा वाटणार नाही, याची हमी मात्र नव्हती. ज्याला भावंडं आहेत त्याला सांगायला नको की ही हमी नसेल तर बाकीचं सगळं गणित फुकट. ती हमी देणारी, कितीही माणसांना लागू पडणारी आणि ठरावीक पायऱ्यांत नक्की संपणारी रीत 2016 मध्ये हॅरिस अझीझ आणि सायमन मॅकेंझी या दोघांनी सिद्ध केली. जगभर कौतुक झालं. फक्त पायऱ्या किती, तर माणसांची जी संख्या असेल तिचा तिच्याच घातांकावर घातांक चढवत सहा मजले बांधायचे. चौघंच असले तरी जास्तीत जास्त पायऱ्यांचा हा आकडा विश्वातल्या एकूण अणूंच्या पलीकडे जातो. तोवर केकला बुरशी येणार.

आपल्या आयांनी हा प्रश्न फार पूर्वी, एका दुपारी, आंबे पिळून सोडवला. फोडी मोजाव्या लागतात आणि बाठ्यावरून मारामाऱ्या होतात, रस डावाने वाढता येतो. आमरसाचा शोध चवीसाठी लागला असं सगळे मानतात. माझा त्यावर विश्वास नाही. तो भांडणं मिटवण्यासाठीच लागला असणार, चव ही नंतरची कमाई. आता डाव आईच्या हातात, म्हणजे वाटणारी ती, म्हणजे कायद्याप्रमाणे शेवटी घेणार तीच. सगळ्यांच्या वाट्या भरून झाल्यावर ती पातेल्यात दूध घालून ते विसळायची आणि ते पिवळसर दूध पोळीला लावून खायची. मुळात लबाडाला वचक बसावा म्हणून केलेला कायदा घरातल्या सगळ्यांत प्रामाणिक माणसाला रोज लागू होत होता, आणि दुसरी वाटी पुढे करणाऱ्यांपैकी कोणालाही त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

पंगतीत कापाकापी नसते, तिथे वाढपी असतो. एकाच पंगतीला बसलेल्यांना वेगवेगळं वाढणं याला आपल्याकडे पंक्तिप्रपंच म्हणतात, आणि जुन्या लोकांच्या लेखी ते पातकांच्या यादीत बरंच वर होतं. पण पातक आहे म्हणून कोणी काही सोडलं आहे का? वाढपी नवरीच्या मामाच्या ओळखीचा असेल तर मामापाशी त्याचा डाव मसालेभाताच्या तळापर्यंत बुडी मारून काजू घेऊन वर येतो. अनोळखी पाहुण्यापाशी तोच डाव वरच्या वर तरंगतो. तुपाचं तर विचारूच नका. तुपाची धार कुठे तुटते त्यावरून त्या घरात आपलं स्थान काय हे बिनचूक कळतं. जावयाच्या पानात ती "पुरे, पुरे, अहो पुरे" अशी तीनदा विनवणी होईपर्यंत चालते. त्याच्या शेजारी बसलेल्या, लग्नाला नुसते आलेल्या माणसाने तोंड उघडायच्या आत वाढपी चार पानं पुढे गेलेला असतो.

मग बुफे आला आणि वाढप्याचा अन्याय संपला. आता रांगेत आपल्या पुढे उभा असलेला गृहस्थ पनीरच्या भाजीतून फक्त पनीर वेचतो आणि मागच्यांसाठी लाल रस्सा ठेवून पुढे सरकतो. याला पंक्तिप्रपंच म्हणता येत नाही, कारण पंगतच नाही.

खरी कसोटी लागते ती भावाभावांच्या वाटणीत. अनेक घरांत तिथेही आंब्याचाच कायदा चालायचा. थोरल्याने वाटे पाडायचे, धाकट्याने आधी उचलायचा. विहीर एक असेल तर पाण्याच्या पाळ्या लागतात, आणि हिस्सा आण्यांत सांगितला जातो. सरकारने 1957 मध्ये रुपयाचे शंभर पैसे केले आणि आणे चलनातून गेले, पण गावच्या विहिरींमध्ये ते अजून पाण्याखाली आहेत. कोणाचे चार, कोणाचे आठ. बांधावरच्या झाडाच्या कैऱ्या अर्ध्या-अर्ध्या. सरपणाला पडलेली फांदी ज्या बाजूला पडली त्याची, मग वाऱ्याची दिशा हीसुद्धा मिळकतीची बाब होते. इतकं करून नांगरटीच्या वेळी जो तो बांध आपल्या बाजूने बोटभर कोरतो. दर वर्षी बोटभर. समोरचाही कोरतोच, त्यामुळे बांध बारीक होत जातो आणि न्याय कायम राहतो.

हा सगळा काटेकोरपणा बहिणीचं नाव निघेपर्यंतचा. महाराष्ट्राने 1994 मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीने हक्क दिला, त्यातही आधीच लग्न होऊन गेलेल्यांना वगळलं. 2005 मध्ये देशाचाच कायदा बदलला. गावोगावी त्यावर उतारा तयार होता, हक्कसोडपत्र. बोटभर बांधासाठी सख्ख्या भावाला कोर्टात खेचणारा माणूस त्या दिवशी इतका प्रेमळ होतो की ओळखू येत नाही. बहिणीला गाडीत पुढच्या सीटवर बसवतो. वाटेत रसवंतीपाशी गाडी थांबवून आलं-लिंबू घातलेला रस पाजतो. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात तिच्यासाठी पंखा लावायला सांगतो. सही झाली की साडी. या सगळ्यामागे एकच मुद्दा असतो, "ताईला तिकडे काय कमी आहे?" ताईला कमी आहे की नाही याची चौकशी होते, तशी दादाला काय कमी आहे याची चौकशी झालेली माझ्या ऐकिवात नाही.

पोराटोरांचा न्याय यापेक्षा पुष्कळ सरळ असतो. राज्य कोणावर येणार हे चकून ठरतं. सगळ्यांनी हात घालायचे, कोणाचा पालथा, कोणाचा उताणा, वेगळा पडेल तो सुटला. क्रिकेटमध्ये पहिली बॅटिंग कोणाची हे कौलाच्या तुकड्यावर थुंकून ठरतं. ओली की सुकी? नाणं लागत नाही, आणि ज्या वयात खिशात नाणं नसतं त्या वयात ही फार मोठी सोय आहे. ऑस्ट्रेलियाच्या बिग बॅश लीगने 2018 मध्ये नाण्याऐवजी बॅट हवेत उडवायला सुरुवात केली तेव्हा वर्तमानपत्रांनी मोठी नवलाई म्हणून छापलं. आमच्याकडे कौल नसेल तेव्हा हेच चालायचं, फक्त छापून यायचं नाही.

टॉस कोणीही जिंको, पहिली बॅटिंग ज्याची बॅट त्याचीच. हा अन्याय सगळ्यांना मान्य असतो, कारण बॅट घरी जाण्याची भीती त्याहून मोठी असते. त्याचा पहिला चेंडू ट्रायल. दुसऱ्यावर तो आऊट झाला तर मागे कुत्रं भुंकलेलं असतं. तरीही गल्लीच्या घटनेत एक तरतूद अशी आहे की ती बघून मला दर वेळी कौतुक वाटतं. लिंबूटिंबू. कोणाचा तरी पाच वर्षांचा भाऊ, त्याला सोबत न्यायचं ही आईची अट. त्याला बॅटिंग मिळते, तो आऊट झाला तरी धरत नाहीत, फील्डिंग तो दोन्ही बाजूंनी करतो. दुबळ्याला सवलत द्यायची आणि ती सवलत सामन्याच्या निकालाला लागू द्यायची नाही, हे मोठमोठ्या योजनाकारांना जमलेलं नाही. या व्यवस्थेबद्दल तक्रार एकाच माणसाची असते, ती खुद्द लिंबूटिंबूची. त्याचा स्टंप उडाला की तो स्वतःच "आऊट! मी आऊट!" म्हणून ओरडतो आणि कोणी मानतच नाही. त्याला सवलत नको असते, त्याला इतरांसारखं आऊट व्हायचं असतं.

गल्लीत पंच नसतो, म्हणून वाद संध्याकाळपर्यंत मिटतो. मोठ्या क्रिकेटमध्ये पंच असतो, त्यामुळे तिथले वाद पन्नास-पाऊणशे वर्षं टिकतात. 1947 मध्ये सिडनीला विनू मांकडने चेंडू टाकण्याआधीच क्रीज सोडून पुढे सरकलेल्या बिल ब्राउनला धावबाद केलं. नियमात बसत होतं. ज्यांचा फलंदाज बाद झाला त्यांच्या कप्तानाने, म्हणजे खुद्द ब्रॅडमनने, मांकडची बाजू घेतली. तरी तिथल्या वर्तमानपत्रांना ते खिलाडूपणाचं वाटलं नाही, आणि पुढे त्या प्रकारच्या बाद होण्याला मांकडचंच नाव चिकटलं. खिसा कापणाऱ्याला सोडून "चोर, चोर" ओरडणाऱ्याच्या नावाने गुन्हा नोंदवावा, तसं हे झालं. 2022 मध्ये नियमांच्या पुस्तकात हा प्रकार अनुचित खेळाच्या प्रकरणातून काढून साध्या धावबादच्या प्रकरणात नेऊन ठेवला. मांकड 1978 मध्येच गेले होते.

दुसरं उदाहरण आपल्या वानखेडेवरचं. फेब्रुवारी 1980, सुवर्णमहोत्सवी कसोटी, इंग्लंड 5 बाद 58. बॉब टेलरला पंचांनी झेलबाद दिलं आणि तो निघाला. कप्तान गुंडाप्पा विश्वनाथला वाटलं, बॅट लागली नव्हती. त्याने पंचांना विनंती करून टेलरला परत बोलावलं. टेलर आणि बोथम यांनी मग 171 धावांची भागी केली. बोथमने शतक ठोकलं, सामन्यात 13 बळी घेतले आणि आपण दहा गडी राखून हरलो. आमच्याकडे आजही हा विषय निघाला की दोन तट पडतात. एक तट म्हणतो, असा माणूस होणे नाही. दुसराही तेच म्हणतो, पण सुटकेचा निःश्वास टाकून.

आणि 1992 चा तो पाऊस. विश्वचषकाची उपान्त्य फेरी, पुन्हा सिडनीच. दक्षिण आफ्रिकेला 13 चेंडूंत 22 धावा हव्या होत्या. बारा मिनिटं पाऊस पडला. थांबल्यावर हिशेब आधी 7 चेंडूंत 22 असा झाला, आणि शेवटी एका चेंडूत 21. नियम आधीच ठरलेला होता, दोन्ही संघांना मान्य होता, दोघांना सारखाच लागू होता. समानतेच्या सगळ्या अटी त्याने पाळल्या होत्या, आणि मैदानावरच्या कुठल्याही शेंबड्या पोराला कळत होतं की हे काही खरं नाही. पुढे डकवर्थ आणि लुईस या दोन इंग्रज संख्याशास्त्रज्ञांनी नवी पद्धत काढली. तिचं गणित कोणालाच कळत नसल्यामुळे भांडणं बरीच कमी झाली. न्यायनिवाड्यात हीसुद्धा एक सोय असते.

मुंबईच्या लोकलमध्ये असं अवघड गणित कोणी चालवून घेणार नाही, तिथे सगळा न्याय कमरेच्या मापाने चालतो. तिघांच्या बाकावर चौथा बसतो. रेल्वेने तशी सोय केलेली नाही, पण तो अर्धा बाहेर, अर्धा आत, एक पाय मार्गिकेत रोवून बसतो आणि आधीचे तिघं खिडकीबाहेर बघत सरकतात. "जरा सरकता का?" या प्रश्नाला नाही म्हणायची मुभा नाही. पाचवा मात्र कधीच विचारत नाही. तीन कायद्याने, चौथा रिवाजाने, आणि पाचव्याला स्वतःलाच कळतं, असा हा करार आहे. लांबून येणाऱ्या ग्रुपमध्ये निम्म्या वाटेवर बसलेल्याने उठायचं आणि उभ्याला बसवायचं. घड्याळ न बघता, नुसतं स्टेशन आलं की. बायकांच्या डब्यात तर कायद्याचं आणखी पुढचं कलम आहे. चढल्या चढल्या बसलेल्या बाईला विचारायचं, "कुठे उतरणार?" ती म्हणते, घाटकोपर. झालं, घाटकोपरपासून ती जागा विचारणारीची. ना पावती, ना साक्षीदार. घाटकोपरला दुसरी कोणी बसायला गेली तर अख्खा डबा साक्षीला उभा राहतो. हाच डबा फलाटावर उतरल्यावर रिक्षाच्या रांगेत घुसतो, तो भाग वेगळा.

आता मी मूळ विषयाकडे येतो. सहकारी गृहनिर्माण सोसायटी.

समान म्हणजे काय, या प्रश्नावर जगात मुख्यतः तीन मतं आहेत. सगळ्यांनी सारखं भरावं, हे एक. ज्याने जितकं वापरलं त्याने तितकं भरावं, हे दुसरं. आणि ज्याचं घर जितकं मोठं त्याने तितकं जास्त भरावं, हे तिसरं. तत्त्वज्ञ यातलं एकेक मत घेऊन जन्मभर लढले. आमच्या तळमजल्यावरचे काका तिन्ही मतं एकाच संध्याकाळी मांडतात. लिफ्टचा विषय निघाला की ते दुसऱ्या मताचे, मी लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही, मी का भरू? पाण्याचा निघाला की पहिल्या मताचे, कारण त्यांच्याकडे अंगणातला नळ धरून नळ जास्त आहेत. रंगकामाचा निघाला की तिसऱ्या मताचे, कारण सातव्या मजल्यावरच्याने दोन फ्लॅट जोडले आहेत. हा माणूस लबाड आहे असं कोणी समजू नये. प्रत्येक वेळी त्यांचा आवाज खराखुरा कापत असतो. आपल्या फायद्याचं मत हेच न्यायाचं मत आहे असं त्यांना मनापासून वाटतं, आणि समोर बसलेल्या चाळीस जणांनाही आपापलं तसंच वाटत असतं.

गंमत म्हणजे ज्यांनी आदर्श उपविधी लिहिले त्यांनी ही सगळी माणसं आधीच बघितलेली असावीत. त्या पुस्तकात तिन्ही मतांना एकेक खुर्ची दिलेली आहे. सेवाशुल्क सगळ्यांना सारखं. पाणीपट्टी नळजोड किती आणि केवढे, त्यावर. दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड बांधकामाच्या खर्चाच्या टक्क्यांत, म्हणजे मोठं घर, मोठा आकडा. आणि लिफ्टबद्दल तर स्पष्ट लिहिलं आहे की ज्या इमारतीत लिफ्ट आहे तिथल्या सर्व सभासदांनी सारखा खर्च द्यायचा, कोणी ती वापरो वा न वापरो. हे शेवटचं वाक्य वाचलं की मला त्या अज्ञात लेखकाचा चेहरा दिसतो. त्याने नक्कीच कुठल्यातरी तळमजल्यावरच्या काकांबरोबर तीन तास काढले असणार.

काकांना हे कलम दर वर्षी वाचून दाखवलं जातं. दर वर्षी ते म्हणतात, कायदा वेगळा आणि न्याय वेगळा. यावर टाळ्या पडतात, कारण वाक्य चांगलं आहे. मग सातव्या मजल्यावरचे गृहस्थ उठतात. म्हणतात, ठीक आहे, तुम्ही लिफ्टचे देऊ नका, पण मग गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काय? गच्ची गळाली तर भिजणार आम्ही. तुमच्या घरात पाणी यायला मध्ये सहा घरं बुडावी लागतील. पण गच्चीचा खर्च सगळे मिळून देताय ना? काका क्षणभर गप्प होतात. गच्चीवर त्यांचे पापड वाळत असतात. आणि गच्चीवर पापड घेऊन त्यांच्या घरचे जिन्याने जात नाहीत, हे दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी अगदी हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात.

प्रत्येक सोसायटीत एक रामशास्त्री असतो. मूळचे रामशास्त्री प्रभुणे यांनी नारायणराव पेशव्याच्या खुनाबद्दल देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, तेही सत्तेवर बसलेल्या राघोबादादाला. आमचे रामशास्त्री बँकेतून निवृत्त झालेले आहेत आणि त्यांनी आजवर सांगितलेली सगळी प्रायश्चित्तं वॉचमनला आहेत. गेटपाशी दुधाची गाडी आडवी लागली, कापा पगार. पंप वेळेवर बंद झाला नाही, कापा पगार. त्या सभेत वॉचमनला आत बोलावत नाहीत. तो बाहेर खुर्च्या मोजत उभा असतो, कारण मंडप कंत्राटदाराने खुर्च्या नगावर दिलेल्या असतात. त्याच्या पगारवाढीचा विषय शेवटून दुसरा असतो आणि वेळेअभावी पुढच्या सभेत जातो. तिथे मात्र समानतेच्या तिन्ही मतांचं आश्चर्यकारक एकमत होतं.

शेवटचा विषय पार्किंग. गाड्या जास्त, जागा कमी. अशा वेळी उपविधीत सांगितलं आहे की चिठ्ठ्या टाकाव्यात, वर्षभरासाठी. कोणाच्याच मनासारखं होत नसेल तर निदान कोणाच्याच मनाने होऊ नये, हा त्यामागचा शहाणपणा. म्हाडाच्या सोडतीत हजारो माणसं याच भरवशावर अर्ज भरतात. चिठ्ठी काढायला लहान मूल लागतं, कारण लहान मुलाला कळत नाही अशी मोठ्यांची समजूत असते. गेल्या सभेत चौथ्या मजल्यावरची पहिलीतली मुलगी पुढे बोलावली. लगेच हरकत आली, तिच्या बाबांचं नावही डब्यात आहे. मग गाडी नसलेल्या घरातलं मूल शोधायला सुरुवात झाली. गाडी नसलेलं घर एकच निघालं, आणि त्या घरात मूल नव्हतं, ऐंशी वर्षांच्या आजी होत्या. आजींनी चष्मा काढून ठेवला, तो सेक्रेटरींनी पुराव्यासाठी टेबलावर ठेवला, आणि आजी एकेक चिठ्ठी काढू लागल्या.

तळमजल्यावरच्या काकांना नारळाच्या झाडाखालची जागा आली. ते उठले. शांतपणे म्हणाले, डबा दाखवा. दाखवला. उरलेल्या चिठ्ठ्या उघडा. उघडल्या. सगळ्या नावांच्या, सगळ्या एकाच कागदाच्या, एकाच शाईच्या. काकांनी एकेक चिठ्ठी उजेडात धरून बघितली, त्यांच्या मागे उभं राहून रामशास्त्र्यांनी बघितली. लबाडी सापडेना. सभागृहात पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला आणि आजींनी विचारलं, मी जाऊ का, माझं दूध गॅसवर आहे.

"चिठ्ठ्या बरोबर आहेत," काका म्हणाले, "पण घड्या सारख्या नाहीत. काहींना दोन आहेत, काहींना तीन. जाड घडी हाताला आधी लागते."

मुद्दा बिनतोड होता. सभेने त्यावर पाऊण तास चर्चा केली आणि असं ठरवलं की पुढच्या वर्षी चिठ्ठ्यांच्या घड्या घालण्यासाठी तीन जणांची उपसमिती नेमावी. उपसमितीवर कोण, यासाठी मग चिठ्ठ्या टाकाव्यात अशी सूचना आली. त्या चिठ्ठ्यांच्या घड्या कोणी घालायच्या, यावर सभा तहकूब झाली आहे.